साडेत्र्याण्णव माणसं, एकमताने

गैबुल्लाआकांचं म्हणणं एवढंच होतं की तो शब्द चुकीचा आहे. सबंध कागदातला एकच शब्द. तो खोडा, वर बरोबर शब्द लिहा, कडेला सही ठोका आणि मोकळे व्हा. मार्गिलान शहरातल्या एका वर्तमानपत्रात एकतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून त्यांनी दुसरं केलं काय? दिवसाला चाळीसेक शब्द त्यांच्या हातून मार्गी लागायचे. तेव्हा एका शब्दाला फार तर दहा मिनिटं लागतील, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात चाळीस दिवस लागले, तीन घरांशी बोलणं तुटलं आणि मधल्या काळात निम्म्या मोहल्ल्याने त्यांना लकवा झाल्याचं ठरवून टाकलं.

शब्द होता ‘एकमताने’.

आमच्या तुतीबाग मोहल्ल्याचा रईस निवडायचा होता. रईस म्हणजे मोहल्ल्याचा प्रमुख. तो श्रीमंत असायलाच हवा असा काही नियम नाही, पण सोबितखान होता. वरच्या आळीत शाळेसमोर त्याचा लग्नाचा हॉल आहे. हॉलच्या दारावरून पाण्याचा पाट वाहतो आणि उतरत उतरत खालच्या आळीत येतो. खालच्या आळीतली बावीस अंगणं त्या पाण्यावर जगतात. सोबितखानला रईस व्हायचं होतं ते या पाटासाठी. त्यावर सिमेंटच्या लाद्या टाकल्या की वऱ्हाडाच्या साठ गाड्या उभ्या राहतील असं त्याने मोजून ठेवलं होतं. खालच्या आळीचं काय, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, आत नळी टाकू की. ती नळी त्याने दाखवलीही होती. साधारण ममलकतआपांच्या मनगटाएवढी होती.

ममलकतआपा या गैबुल्लाआकांच्या पत्नी. ममलकत म्हणजे देश. नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवलं असावं, कारण त्या घरात आकांची जागा नागरिकाची आहे. नवी नवरी म्हणून आल्या त्या वर्षी आपांनी अंगणात द्राक्षाचा वेल लावला होता. आज त्याचा मांडव सगळ्या अंगणावर पसरलाय, आणि त्याचं पाणी त्या पाटाचं. म्हणून सभेला निघताना त्यांनी आकांना दारात थांबवून बजावलं होतं, “नाही म्हणून या. मोठ्याने म्हणा. मागे खोकत बसू नका.”

आका तयारीने गेले होते. दोन पानांचं भाषण, समासात खुणा केलेलं. घरटी एक माणूस अशी चौऱ्याण्णव माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमली होती. हाकिमाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुखाच्या, कचेरीतून तोश्पुलातोव नावाचे अधिकारी आले होते. स्वभावाने गरीब, पण जेवणाच्या सुट्टीच्या आत निकाल लावायचा पण केलेले. त्यांनी उमेदवाराचं नाव वाचलं. एकच नाव. मग त्यांनी विचारलं, सोबितखानच्या बाजूने कोण कोण?

आता इथे हकबर्दीबाबांची ओळख करून द्यायला हवी. बाबा आमच्या मोहल्ल्यातले सगळ्यात वयस्कर. शहाऐंशी वर्षांचे, आणि दोन्ही कानांनी ठार बहिरे. आमच्याकडे कुठलीही बैठक दुवेशिवाय सुटत नाही. सगळ्यात थोर माणसाने दोन्ही तळहात पुढे धरायचे, बाकीच्यांनी धरायचे, दुवा झाली की तोंडावरून हात फिरवून ‘आमीन’ म्हणायचं आणि उठायचं. ऐकू येत नसल्याने बाबा दुवेची वेळ लोकांच्या तोंडाकडे बघून ठरवतात. सगळी तोंडं मिटली की बाबांना वाटतं, झालं वाटतं. तोश्पुलातोवांनी प्रश्न विचारला आणि कोण आधी हात वर करतो हे बघायला सगळा हॉल गप्प झाला. बाबांनी हात उचलले.

आता जन्मापासूनची सवय. समोर हात उठले की आपले उठतात, त्याला विचार लागत नाही. चौऱ्याण्णव माणसांचे हात वर गेले. गैबुल्लाआकांचेही गेले. डाव्या हातात भाषणाची दोन पानं होती, तीसुद्धा वर गेली. तोश्पुलातोवांचा चेहरा उजळला, त्यांनी टेबलावर चढून फोटो काढला. तोवर बाबा ‘आमीन’ म्हणाले होते, सगळे ‘आमीन’ म्हणाले, आणि दुवा झाल्यावर बसून राहायची आमच्याकडे पद्धत नाही म्हणून सगळे उठले. “विरोधात कोण?” हा प्रश्न तोश्पुलातोवांनी नियमाप्रमाणे विचारला, पण तो रिकाम्या खुर्च्यांना. आका तेव्हा दाराबाहेर दुसऱ्यांच्या चपलांच्या ढिगात स्वतःची चप्पल शोधत होते. शोधता शोधताच त्यांच्या लक्षात आलं की आपलं भाषण राहिलं.

त्या दिवशी घरी काय झालं ते आका सांगत नाहीत. आपा सांगतात, पण ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्याच्या फळ्यावर इतिवृत्त लागलं. आकांनी चष्मा पुसून ते वाचलं. उपस्थित चौऱ्याण्णव. बाजूने साडेत्र्याण्णव. विरोधात कोणी नाही. सोबितखान यांची एकमताने निवड. आकांनी पुन्हा चष्मा पुसला. साडेत्र्याण्णव तसंच होतं. बराच वेळ विचार केल्यावर उलगडा झाला. तोश्पुलातोवांनी फोटोतले हात मोजले होते, एकशे सत्त्याऐंशी, आणि माणसाला दोन हात असतात म्हणून प्रामाणिकपणे दोनाने भागलं होतं. वेल्डर तोख्तासिन तुतीच्या झाडावरून पडल्यामुळे त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तो दुवेला एकच हात वर करू शकला होता.

पण आकांना अर्ध्या माणसाचं दुःख नव्हतं. ‘एकमताने’ या शब्दाचं होतं. त्या शब्दात ते स्वतः बसवले गेले होते. ज्या माणसाने एकतीस वर्षांत एक चुकीचा स्वल्पविराम जाऊ दिला नाही, त्याला जिवंतपणी एका चुकीच्या शब्दात छापून टाकलं होतं, आणि तेही स्वतःच्या अंगणाचं पाणी तोडायला.

फळ्यापाशी सल्ले फुकट मिळतात. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं, जाऊ द्या आका, तुमचं एक मत इकडे काय, तिकडे काय. वरच्या आळीतल्या एकाने सांगितलं, नाही म्हणायचंच होतं तर हात वर कशाला केलेत? त्यावर आका म्हणाले, तू कशाला केलेस? तो म्हणाला, मी दुवेला केले. तोख्तासिनचं म्हणणं होतं की त्याला साडे म्हटलंय ही अब्रूची बाब आहे, तेव्हा आकांनी त्याचाही अर्ज सोबत लिहावा. आकांनी विचारलं, तू येतोस का कचेरीत? तोख्तासिनने प्लास्टरकडे बोट दाखवलं. एकूण, सभेत सगळ्या मोहल्ल्याने हात वर केले होते, आणि आता दुसऱ्या अर्थानेही केले.

आका एकटे कचेरीत गेले. पहिल्या दिवशी चुकीच्या खिडकीपाशी दोन तास उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बरोबर खिडकी मिळाली, पण खिडकीतली बाई मुलीच्या साखरपुड्याला गेली होती. तिसऱ्या दिवशी तोश्पुलातोव स्वतः भेटले. त्यांनी आकांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि सांगितलं की हात वर होते, त्यांनी मोजले.

“ते दुवेचे हात होते, साहेब.”

“आका, कायद्यात फक्त हात लिहिलाय. कशासाठी वर केला ते विचारायला सांगितलेलं नाही.”

तरी त्यांनी अर्जाचा नमुना दिला. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक अट होती. अर्जदार त्या मोहल्ल्यात राहतो असा दाखला जोडायचा, आणि दाखला द्यायचा रईसने. म्हणजे सोबितखानविरुद्ध तक्रार करायला सोबितखानचाच शिक्का आणायचा. आकांनी ही अट तीनदा वाचली, त्यात व्याकरणाच्या दोन चुका सापडल्या, पण अट तीच राहिली.

सोबितखानने दाखला हसत हसत दिला. तो माणूस वाईट नाही हो, तिथेच तर पंचाईत आहे. त्याने आकांना गालिच्यावर वरच्या जागी बसवलं, गरम नान मोडून पुढे केला, समोशासारखे सामसे आणले, वेलाची चौकशी केली. शिक्का ठोकला आणि निघायच्या वेळी म्हणाला, आका, वडीलधारे आहात, एक दुवा देऊन जा. ज्याच्या घरी नान खाल्ला त्याला दुवा नाकारायची कशी? आकांनी हात उचलले. सोबितखानचा मेहुणा कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. आका घरी पोचायच्या आत फोटो सगळ्या मोहल्ल्याच्या मोबाइलवर पोचला होता, आणि खाली लिहिलं होतं: ‘ज्येष्ठ मुद्रितशोधक गैबुल्लाआका यांचा नव्या रईसांना पाठिंबा.’

पाठिंब्याला ‘पाठींबा’ लिहिलं होतं. ते वेगळंच.

आका फोटो बघून उठले. वेलाखाली जाऊन बसले. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून, जणू पहिल्यांदाच बघतोय असे बघितले, आणि जाहीर केलं की तो शब्द कागदावरून जाईपर्यंत चार माणसांत हे हात वर जाणार नाहीत.

“अहो,” आपा म्हणाल्या, “अल्लाशी काय भांडण आहे तुमचं?”

“त्याच्याशी नाही. कचेरीशी आहे. पण हातांची जोडी एकच आहे ना माझ्याकडे.”

घरात दार लावून ते नमाजाच्या पाचही वेळा हात उचलत. बाहेर नाही. आता आमच्या मोहल्ल्यात आठवड्यात बारा दुवा होतात. त्याच आठवड्यात औषधवाल्याच्या नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता. बाबांनी हात उचलले, साठ माणसांनी उचलले, आणि मधोमध आका आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून ताठ बसले. बाळाची आजी इतकी दुखावली की तिने मिठाईचं ताट त्यांच्यापुढून तसंच पुढे नेलं. आपा घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि घरी आल्यावर पुष्कळ बोलल्या.

मोहल्ल्याला कारण हवं असतं. निश्चय हे कारण कोणाला पटेना, लकवा पटला. दुसऱ्या सकाळपासून औषधं येऊ लागली. तीन घरांतून दुंब्या मेंढ्याच्या शेपटीची चरबी आली, खांद्याला चोळायला. एकीने गरम मिठाची पिशवी पाठवली. तोख्तासिनने तर आपला हाडवैद्य पाठवला, आणि तो आकांचं काहीही न ऐकता त्यांचा धडधाकट खांदा अर्धा तास पिळून गेला. आकांनी प्रत्येकाला सांगितलं की मी बरा आहे, मी निषेध करतोय. लोक मान डोलवत आणि बाहेर जाऊन म्हणत, डोक्यापर्यंत गेलंय.

इकडे सोबितखानच्या हॉलसमोर लाद्यांचा ढीग येऊन पडला. पहिल्या सहा लाद्या पाटावर बसल्याही. खालच्या आळीत पाणी यायचं ते निम्मं झालं. आपा रोज सकाळी वेलाच्या बुंध्यातली माती चिमटीत घेऊन बघायच्या आणि काही न बोलता झटकायच्या. त्यांचं ते न बोलणं आकांना फार लागायचं. बोलल्या असत्या तर बरं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

चौथ्या खेपेला आका कचेरीत गेले ते तोश्पुलातोवांकडे नाही. सरळ तळघरात गेले. तिथे जुन्या कागदपत्रांची व्यवस्था बघणारी एक बाई बसते. जाड भिंगांचा चष्मा, बोटांना शाई. तिला बघताच आकांना माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी पाट, लाद्या, दुवा यातलं काही काढलं नाही. नम्रपणे एवढंच विचारलं, की आमच्या मोहल्ल्यातला हा जो अर्धा माणूस आहे, त्याची नोंद आपण कुठे केलीत?

बाईने इतिवृत्त काढलं, वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तिच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत खोटे कागद शेकडो आले होते, ते तिने शांतपणे बांधून ठेवले होते. अपूर्णांक आला नव्हता. वार्षिक तक्त्यात माणसांच्या रकान्यात अपूर्णांक बसत नव्हता. तिने तोश्पुलातोवांना खाली बोलावलं आणि विचारलं, हे अर्धे गृहस्थ कोण? तोश्पुलातोवांनी तोख्तासिनच्या प्लास्टरची हकीकत सांगितली आणि स्वतःच अडकले. कारण प्लास्टरवाला माणूस मत द्यायला एक हात वर करतो हे ठीक, पण मग बाकीचे त्र्याण्णव जण मत द्यायला दोन दोन हात का वर करतात? बाई त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी तोश्पुलातोव हळूच म्हणाले, दुवेला.

इतिवृत्त रद्द झालं. फेरमतदान, गुप्त, चिठ्ठीवर, आणि या खेपेला घरटी एक नव्हे, सगळे प्रौढ. चारशे वीस नावं. निम्मी माणसं तरी आली पाहिजेत, नाहीतर जुना निकाल कायम. लाद्या तोवर जागच्या जागी.

चिठ्ठीवर नाव एकच, सोबितखानचं. हवा असेल तर चिठ्ठी तशीच पेटीत टाकायची, नको असेल तर नाव खोडायचं. खोडायचं! हे वाचलं तेव्हा आकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सबंध आयुष्य ज्या कामात घालवलं ते काम सरकारने अखेर चारशे वीस जणांना दिलं होतं.

ते घरोघर फिरले. खोडायचं कसं ते शिकवत फिरले. एकच रेघ, आडवी, नावाच्या मधोमध, या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत, फराटे नकोत. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी लोक म्हणाले, खरं आहे आका, आणि प्रत्येक घरी शेवटी तेच वाक्य आलं, पण आमच्या एकाच्या मताने काय होणार? आकांनी आधी समजावलं. दहाव्या घरानंतर त्यांचा आवाज चढला. “सभेत तुझं मत नव्हतं तरी मोजलंच की,” ते औषधवाल्यावर कडाडले. “न दिलेलं मत चालतं त्यांना. दिलेलं मोजायला काय होतंय?” औषधवाल्याला हे पटलं असावं, कारण त्याने घाईघाईने चहा ओतला.

म्हाताऱ्या बायकांची अडचण निराळी होती. जित्याजागत्या माणसाचं नाव खोडायचं त्यांच्या जिवावर येत होतं. सोबितखान कसाही असला तरी त्याच्या बारशाची खीर खाल्लेली. तिथे आकांचं शिकवणं चालेना. आपा मात्र हातातलं पीठ झटकत म्हणाल्या, “नाव नाही गं खोडायचं, खुर्ची खोडायची. नाव राहू दे त्याला.” हे एकदम सोपं होऊन गेलं. आपांनी स्वतः आजवर कधी मत दिलं नव्हतं. घरातून एक जण जातो, तो जातोय, असंच चाललेलं. त्या एकाने काय दिवे लावले ते आता सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं.

मतदानाचा दिवस उजाडला, आणि सोबितखानने आपल्या लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्या मोहल्ल्याला पुलावाचं आवतण दिलं. दुपारी एकपासून. मतदान पाचपर्यंत. आवतणात निवडणुकीचा अवाक्षर उल्लेख नव्हता. पुलावाला बोलावल्यावर न जाणं आमच्याकडे शक्य नाही, आणि एकदा जेवणाच्या दस्तरखानावर बसल्यावर दुवा झाल्याशिवाय उठणं त्याहून शक्य नाही. सोबितखानने पुलाव रेंगाळत ठेवला होता. आधी नान, मग कचुंबर, मग सूप, मग पुन्हा चहा. हकबर्दीबाबांना सगळ्यात वरच्या जागी लोडाला टेकवून बसवलं होतं, आणि मेहुण्याला ताकीद होती की साडेपाचच्या आत बाबांसमोर कोणी तोंड मिटायचं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये चार वाजता एकसष्ट मतं पडली होती. आका पेटीसमोर बसून होते. रस्त्यापलीकडे पुलावाच्या कढयांचा वास सुटला होता. तोश्पुलातोव घड्याळ बघत होते आणि मधून मधून आकांना धीर देत होते, की त्यांनी प्रयत्न चांगला केला. असला धीर माणसाला जास्त खचवतो. आकांच्या मनात आलं, सोडून द्यावं. वेल वाळेल, दुसरा लावता येणार नाही, आपण सत्तरीला आलो. शब्दही राहील तसाच. सगळ्या मोहल्ल्याची संमती असलेला शब्द.

आपा तेव्हा त्यांच्या शेजारी नव्हत्या. त्या सोबितखानच्या हॉलच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. तिथल्या बायकांनी नुकतंच कढईवरचं झाकण उचलायला फडकं हातात घेतलं होतं. आपा सरळ पुढे जेवणाच्या दालनाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, बाबांच्या अगदी समोर. बाबांनी वर बघितलं. आपांनी तोंड मिटलं आणि दोन्ही तळहात पुढे धरले.

बाबांनी हात उचलले.

दीडशेवर माणसांचे हात उठले. सोबितखानचे उठले. मेहुणा “अजून पुलाव...” एवढं म्हणाला आणि त्याचेही उठले. बाबांनी चांगली लांबलचक दुवा दिली, जेवण गोड झालं म्हणून आभार मानले, ‘आमीन’ म्हटलं, आणि भुकेली दीडशे माणसं कढईच्या दिशेने एकवार बघून उठून उभी राहिली. दुवा झाल्यावर परत बसायची आमच्याकडे पद्धत नाही. बाहेर रस्त्यावर खालच्या आळीतल्या बायका उभ्या होत्या. घरी जायला लवकर, जेवायला काही नाही, समोर शाळा. लोक शाळेत शिरले. कढईचं झाकण उघडलंच नव्हतं आणि मन कोणाचंच प्रसन्न नव्हतं.

पाच वाजता पेटीत दोनशे सत्तावीस मतं होती.

मोजणीला साक्षीदार म्हणून आका बसले. एक ढीग खोडलेल्या चिठ्ठ्यांचा, एक तशाच असलेल्यांचा. सोबितखानचा ढीग पुढे होता. मग एक चिठ्ठी आली, तीत रेघ होती, पण नावाच्या मधून नव्हे, खालून. ठसठशीत, दोनदा ओढलेली. तशाच आणखी दोन निघाल्या. तोश्पुलातोव म्हणाले, रेघ आहे म्हणजे खोडलंच. सोबितखानच्या मेहुण्याचे आणि त्याच्या दोन भावांचे चेहरे पडले. तिघांनी प्रेमापोटी दाजींचं नाव अधोरेखित केलं होतं.

सगळे आकांकडे बघू लागले. दारातून आपाही बघत होत्या. आकांनी तिन्ही चिठ्ठ्या खिडकीच्या उजेडात धरल्या, चष्मा पुसला.

“ही अधोरेखा आहे,” ते म्हणाले. “खोडलेलं नाही. सोबितखानच्या ढिगात ठेवा.”

“आका, नीट बघा,” खालच्या आळीतला कोणीतरी कळवळून म्हणाला.

“नीटच बघितलंय. चुकीचा शब्द खोडायला मी चाळीस दिवस हात बांधून बसलो. बरोबर शब्द खोडायला नाही बसलो.”

आपांनी डोळे मिटून घेतले. चिठ्ठ्या ढिगात गेल्या. मोजणी पुढे चालू झाली आणि हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की तोख्तासिनने बाबांपुढे जाऊन त्यांचे दोन्ही हात आपल्या एका हाताने धरून ठेवले.

सोबितखानच्या बाजूने एकशे तेरा. खोडलेली एकशे चौदा.

एका मताने. तोश्पुलातोवांनी पुन्हा मोजली. एका मताने. सोबितखान उठला, आकांजवळ आला, आणि त्या तीन चिठ्ठ्यांकडे बघत म्हणाला की लाद्या उद्या उचलतो. तो माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगितलंय. नव्या निवडणुकीला महिना होता आणि तोख्तासिनने तिथल्या तिथे ममलकतआपांचं नाव सुचवलं. आपा म्हणाल्या, आधी प्लास्टर काढ, मग माझ्यासाठी हात वर कर.

ते एक मत कोणाचं यावर तिथेच वाद सुरू झाला. औषधवाला म्हणाला, माझं. त्याची आई म्हणाली, तुझं कसं, माझं. पेटी बंद होताना शेवटची चिठ्ठी आपली होती असं तीन बायका शपथेवर सांगत होत्या. आपांच्या बोटाला निळी शाई लागली होती आणि ती त्या रुमालाने पुसत नव्हत्या. ‘आमच्या एकाच्या मताने काय होणार’ असं म्हणणारी एकशे चौदा माणसं त्या हॉलमध्ये छाती काढून उभी होती.

तोश्पुलातोवांनी इतिवृत्त लिहिलं. ‘बहुमताने नामंजूर.’ आकांनी ते वाचलं. चूक नव्हती. मग तोख्तासिनने बाबांचे हात सोडले, बाबांनी सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि तळहात पुढे धरले.

दोनशे माणसांचे हात उठले आणि तसेच थांबले. बाबासुद्धा थांबले. सगळे आकांकडे बघत होते.

आका तोश्पुलातोवांना म्हणाले, “साहेब, आधी पेन.”

तोश्पुलातोवांनी पेनला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

“फाइल.”

त्यांनी फाइल मिटली, फीत बांधली. सोबितखानच्या मेहुण्याने न सांगताच मोबाइल चपलेपाशी पालथा ठेवला.

हाडवैद्याने पिळलेला खांदा खरोखरच आखडला होता. पहिल्या खेपेला हात निम्म्यातच अडले, तीन घरांतल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, चरबी लावली नाही ना. आका दात आवळून हात वर नेत राहिले. दोन्ही हात अगदी पूर्ण वर गेले, आणि ते कोणीही मोजले नाहीत.